मणक्यांचा जंतुसंसर्ग : निदानातील विलंब आणि उपचारांची दिशा
(विशेष संदर्भ : मणक्यांचा क्षयरोग)

प्रस्तावना

पाठदुखी ही इतकी सर्वसाधारण तक्रार आहे की, तिच्याकडे आजार म्हणून पाहण्याची सवयच आपल्याला उरलेली नाही. बसण्याची पद्धत चुकीची, दुचाकीचा प्रवास, गादी मऊ, व्यायामाचा अभाव अशी कारणे आपण स्वतःच शोधतो आणि स्वतःच मान्य करतो. बहुसंख्य पाठदुखी खरोखरच निरुपद्रवी असते व काही आठवड्यांत आपोआप कमी होते, हेही खरे आहे. परंतु याच गर्दीत एक पाठदुखी अशी असते की जिचे मूळ मणक्यांत शिरलेल्या जंतूंमध्ये असते. ती वेळीच ओळखली गेली तर बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेवाचून, केवळ औषधांनी बरे होतात. ओळखण्यास उशीर झाला तर त्याच रुग्णाच्या दोन्ही पायांतील शक्ती जाऊ शकते आणि कधी कधी ती परत येत नाही. औषधे दोन्ही प्रसंगी तीच असतात. फरक पडतो तो मधल्या काही महिन्यांनी.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. एकूण क्षयरुग्णांपैकी साधारणतः १५ ते २० टक्के रुग्णांत रोग फुप्फुसाबाहेर आढळतो; त्यांतील सुमारे दहावा हिस्सा हाडे व सांधे यांच्या क्षयाचा आणि त्यातील जवळजवळ निम्मा मणक्यांचा असतो. हे प्रमाण वाचताना लहान वाटते. परंतु भारताच्या एकूण रुग्णसंख्येशी त्याचा गुणाकार केल्यास त्याचे गांभीर्य ध्यानात येते. आपल्या देशात मणक्यांच्या संसर्गाचा विचार क्षयरोगापासूनच सुरू करावा लागतो. हा रोग मुलांमध्ये व तरुणांमध्ये, म्हणजे आपल्या वर्गांत बसणाऱ्या वयातही, मोठ्या प्रमाणात आढळतो. म्हणून हा विषय केवळ वैद्यकीय महाविद्यालयांपुरता मर्यादित राहू नये, या हेतूने प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

विलंब कसा घडतो?

अनेक रुग्णांच्या वृत्तान्तांत आढळणारे समान दुवे एकत्र केल्यास जे चित्र तयार होते, ते असे. वसतिगृहात राहणाऱ्या एकवीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीस पाठीच्या मध्यभागी दुखू लागते. पहिला महिना मलम व वेदनाशामक गोळ्यांत जातो. सुटीत गावी गेल्यावर ‘उसण भरली’ म्हणून पाठ चोळून घेतली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात क्ष-किरण चित्र काढले जाते. त्यात ठळक काही दिसत नाही, किंवा ‘मणक्यात गॅप आहे’ असे सांगितले जाते. वजन तीन-चार किलोने घटते, त्याचे खापर मेसच्या जेवणावर फुटते. संध्याकाळी अंग कोमट लागते, तो अभ्यासाचा ताण समजला जातो. चौथ्या महिन्यात जिना उतरताना पाय अडखळू लागतात. चालता चालता पायातील चप्पल निसटते आणि ती निसटल्याचे तिला कळतही नाही. एम.आर.आय. तपासणी होते ती या टप्प्यावर.

या वृत्तान्तात कोणाचाही ठळक निष्काळजीपणा नाही. प्रत्येक टप्प्यावर दिलेले स्पष्टीकरण त्या क्षणी पटण्याजोगे होते. ‘गॅप’ या शब्दाविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. दोन मणक्यांमधील जागा कमी झाली, वाढली, मणका सरकला, चकती झिजली, अशा परस्परांहून भिन्न अवस्थांना आपल्याकडे हा एकच शब्द लावला जातो. रोगाचे नाव मिळाल्याचे समाधान त्यातून मिळते आणि पुढचा शोध थांबतो. क्षयरोगातही मणक्यांमधील जागा अरुंद होते. त्यामुळे ‘गॅप’ हा अभिप्राय ऐकल्यावर ‘ती कशामुळे?’ हा प्रश्न विचारणे अत्यावश्यक ठरते.

रोगाचे स्वरूप

क्षयाचे जंतू मणक्यात थेट शिरत नाहीत. प्रथम फुप्फुसात किंवा लसिका ग्रंथींत त्यांचे ठाणे असते व तेथून रक्तावाटे ते मणक्यांपर्यंत पोहोचतात. ही पहिली लागण कित्येक वर्षांपूर्वीची असू शकते. रुग्णास कधी खोकला आल्याचेही आठवत नाही. चकतीला लागून असलेला मणक्याचा भाग रक्तवाहिन्यांनी समृद्ध असल्याने जंतू बहुधा तेथे रुजतात. एकच धमनी शेजारच्या दोन मणक्यांना शाखा देत असल्यामुळे लगतचे दोन मणके एकाच वेळी बाधित झालेले आढळतात. पाठीचे खालचे मणके व कमरेचे वरचे मणके ही या रोगाची सर्वांत आवडती जागा होय.

पू निर्माण करणाऱ्या इतर जंतूंप्रमाणे क्षयाच्या जंतूंजवळ चकती झपाट्याने विरघळविणारी विकरे नसतात. त्यामुळे चकती बराच काळ तग धरून राहते आणि रोग संथपणे पसरत जातो. या संथपणामुळेच तो फसवा ठरतो. हाड पोखरले जाते, मणक्याचा पुढील भाग खचतो, मागील भाग मात्र उभा राहतो. परिणामी कणा पुढे वाकतो व पाठीला कुबड येते. झिरपलेला पू स्नायूंच्या आवरणांतून वाट काढत दूरवर जातो. कमरेच्या मणक्यांतील पू सोअस स्नायूच्या आवरणातून उतरत जांघेत गाठीच्या रूपाने प्रकट झाल्याची उदाहरणे सुपरिचित आहेत. या गळवास नेहमीच्या गळवाची लाली, ठणका वा उष्णता नसते, म्हणून त्यास शीत गळू म्हणतात. हाच पू, कुजलेल्या हाडाचे तुकडे किंवा वाकलेला कणा मज्जारज्जूवर दाब आणतो, तेव्हा पाय लुळे पडू लागतात.

हा रोग नवा नाही. इजिप्तमधील आमून देवतेचा पुरोहित नेस्पेरेहान याच्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममीत खचलेले मणके व सोअस स्नायूतील गळू असे दोन्ही पुरावे सापडले आहेत. अठराव्या शतकातील इंग्रज कवी अलेक्झांडर पोप याची उंची बालपणी जडलेल्या याच रोगामुळे साडेचार फुटांच्या आसपासच राहिली. इंग्रजीच्या प्राध्यापकांना त्याची वक्रोक्ती परिचित असते, पाठ क्वचितच. कुबड आणि पायांची शक्ती जाणे यांचा परस्परसंबंध लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये सविस्तर नोंदविला, म्हणून या रोगास ‘पॉटचा रोग’ असेही म्हटले जाते. पॉट यांना त्याचे कारण ठाऊक नव्हते. ते कळण्यास १८८२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले.

धोक्याच्या खुणा

साधी पाठदुखी श्रमाने वाढते व विश्रांतीने कमी होते. संसर्गाची पाठदुखी विश्रांतीतही राहते, रात्री झोपेतून उठवते आणि आठवड्यागणिक वाढत जाते. सोबत संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, भूक मंदावणे व वजन घटणे ही लक्षणे असतील तर संशय बळावतो. तथापि ही सर्व लक्षणे नसतानाही मणक्यांचा क्षय असू शकतो. अनेक रुग्णांत केवळ दुखणे एवढीच तक्रार असते. म्हणून तापाची वाट पाहत बसणे योग्य नव्हे.

प्रत्यक्ष तपासणीत एखाद्या मणक्यावर बोटाने हलके ठोकले असता नेमक्या त्याच ठिकाणी दुखणे, पाठीचे स्नायू ताठरणे आणि पाठीच्या रेषेत एखादे टोक वर आलेले जाणवणे या खुणा महत्त्वाच्या आहेत. लहान मुलांसाठी एक जुनी व बिनखर्चाची परीक्षा आहे. जमिनीवर नाणे टाकून ते उचलण्यास सांगावे. निरोगी मूल कमरेतून वाकते. ज्याचा कणा आजारी आहे ते मूल पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत वाकून बसते व मगच नाणे उचलते.

पाय जड होणे, चालताना तोल जाणे, पायांना मुंग्या वा बधिरपणा येणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे यांपैकी काहीही आढळल्यास तो तातडीचा प्रसंग समजावा व रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवावे. मधुमेही, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, डायलिसिसवर असणारे, एच.आय.व्ही.बाधित आणि घरात क्षयरुग्ण असलेले यांच्या बाबतीत पाठदुखीकडे पाहण्याचा उंबरठा मुळातच खाली असावा.

निदान : पुरावा आधी, औषध नंतर

साध्या क्ष-किरण चित्रात दोष दिसण्यासाठी हाडातील खनिजांचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ऱ्हास झालेला असावा लागतो. म्हणजेच प्रारंभीच्या आठवड्यांत हे चित्र निर्दोष दिसणे स्वाभाविक आहे व त्यावरून रुग्णास निर्धास्त करणे चुकीचे आहे. रक्तातील ई.एस.आर. व सी.आर.पी. या चाचण्या शरीरात कोठेतरी दाह आहे एवढेच सांगतात. पुढे उपचारांची प्रगती पाहण्यास त्या उपयोगी पडतात, परंतु रोगाचे नाव त्यांतून कळत नाही. मॅन्टू चाचणी वा तत्सम रक्तचाचणी होकारार्थी आली तरी तिचा अर्थ शरीराला पूर्वी कधीतरी जंतूंची ओळख झाली आहे इतकाच. आपल्या देशात ही ओळख असंख्य निरोगी व्यक्तींनाही झालेली असते. रक्तातील प्रतिपिंडे शोधून क्षयरोगाचे निदान करणाऱ्या चाचण्या तर इतक्या बेभरवशाच्या ठरल्या की, केंद्र शासनाने २०१२ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली.

एम.आर.आय. ही या रोगातील सर्वांत उपयुक्त प्रतिमा-तपासणी होय. हाडातील बदल, गळवाचा विस्तार आणि मज्जारज्जूवरील दाब या तिन्ही गोष्टी तीत लवकर दिसतात. शक्य तेथे ती संपूर्ण कण्याची करावी, कारण काही रुग्णांत मधले मणके निरोगी ठेवून रोग दूरच्या दुसऱ्या मणक्यातही दडलेला असतो.

मात्र एम.आर.आय. म्हणजे पुरावा नव्हे, ही बाब येथे आग्रहाने मांडावीशी वाटते. क्षय, पूजनक जंतूंचा संसर्ग, ब्रुसेला, बुरशी, वृद्धांमधील कर्करोगाचे दुय्यम विकार यांची चित्रे पुष्कळदा एकमेकांसारखी दिसतात. आपल्याकडे क्षय विपुल असल्याने ‘चित्र क्षयासारखे आहे, औषधे सुरू करा’ हा मार्ग सोपा वाटतो. अनेकदा तो अंदाज बरोबरही निघतो. पण जेव्हा तो चुकतो तेव्हा रुग्णाची वर्षभराची औषधे वाया जातात आणि खरा रोग वाढत राहतो. अंदाज बरोबर असूनही जंतू औषधांना दाद न देणारा असेल, तर तेही कळत नाही. म्हणून सी.टी. यंत्राच्या मार्गदर्शनाखाली सुईने मणक्यातील ऊतीचा वा गळवातील पुवाचा नमुना घेणे, म्हणजेच बायॉप्सी, हा निदानाचा कणा मानला पाहिजे. ‘मणक्यात सुई टोचली की रोग पसरतो’ अशी भीती नातेवाइकांमध्ये सर्रास आढळते. तिला आधार नाही.

नमुना मिळाल्यावर त्याच्या अनेक तपासण्या एकाच वेळी कराव्या लागतात. मणक्याच्या क्षयात जंतूंची संख्या अल्प असते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते बहुधा दिसत नाहीत. जंतुसंवर्धनास कित्येक आठवडे लागतात. या कोंडीतून जनुकीय चाचण्यांनी वाट काढली. सीबीनॅट या नावाने परिचित असलेल्या चाचणीस जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. सुमारे दोन तासांत ती जंतूंचे अस्तित्व आणि रिफाम्पिसिनला होणारा विरोध या दोन्ही गोष्टी सांगते. याच तत्त्वावरील, लहान केंद्रांवरही वापरता येणारी ट्रूनॅट ही चाचणी गोव्यातील मोलबायो कंपनीची असून तिला जागतिक मान्यता २०२० मध्ये मिळाली. चाचणी नकारार्थी आली म्हणून मात्र क्षय नाही असे ठरत नाही. पेशीरचनेचा अहवाल, संवर्धन, प्रतिमा आणि रुग्णाची एकंदर अवस्था यांचा मेळ घालूनच निर्णय घ्यावा लागतो. नमुन्याचा काही भाग नेहमीच्या जंतूंच्या संवर्धनासाठीही पाठविला पाहिजे. सर्व नमुना फॉर्मेलिनमध्ये बुडवून पाठविला गेला तर संवर्धनाची संधीच हुकते. ही चूक क्षुल्लक दिसते, परंतु तिची भरपाई दुसऱ्यांदा सुई टोचूनच करावी लागते.

येथे औषधांच्या दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचाही उल्लेख करणे प्राप्त आहे. लघवीच्या किंवा तापाच्या तक्रारीसाठी वापरली जाणारी फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधे क्षयाच्या जंतूंवरही अंशतः परिणाम करतात. त्यामुळे काही दिवस बरे वाटते, चाचण्या नकारार्थी येतात, निदान लांबते आणि जंतूंना त्या औषधाशी झुंजण्याचा सराव होतो.

क्षयाव्यतिरिक्त जंतू

पूजनक संसर्गात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आघाडीवर असतो. मूत्रमार्गाच्या संसर्गानंतर ई. कोलायसारखे जंतूही मणक्यांत पोहोचतात. हा रोग वेगाने वाढतो, तीव्र वेदना देतो आणि चकतीचा झपाट्याने नाश करतो. येथे रक्ताचे संवर्धन प्रथम करावे. त्यातच जंतू सापडल्यास बायॉप्सीची गरज पडत नाही. रुग्णाच्या पायांची शक्ती शाबूत असेल व रक्तात जंतुविषबाधा पसरलेली नसेल, तर जंतूंची ओळख पटेपर्यंत प्रतिजैविके थांबवून ठेवावीत, असे अमेरिकी संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात सहा आठवड्यांची प्रतिजैविके बारा आठवड्यांइतकीच परिणामकारक ठरली. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर पू साचल्यास मात्र आठवड्यांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. पाठदुखी, ताप व पायांतील अशक्तपणा ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसेपर्यंत थांबल्यास बहुधा उशीर झालेला असतो.

ब्रुसेला हा जंतू जनावरांच्या संपर्कातून व न तापविलेल्या दुधातून येतो. पशुपालक, पशुवैद्यक व कत्तलखान्यातील कामगार यांच्या कंबरदुखीत त्याची आठवण ठेवावी. त्यावरील औषधे क्षयाहून वेगळी असून किमान तीन महिने द्यावी लागतात.

उपचार

क्षयावर औषधेच नव्हती त्या काळात विश्रांती, सूर्यप्रकाश व प्लॅस्टर यांवर भिस्त होती. १९११ मध्ये न्यूयॉर्कमधील हिब्ज आणि अल्बी यांनी मणके एकमेकांशी जोडण्याच्या शस्त्रक्रिया स्वतंत्रपणे प्रसिद्ध केल्या. स्ट्रेप्टोमायसिन (१९४४) व आयसोनियाझिड (१९५२) यांच्या आगमनानंतर हाँगकाँगमधील हॉजसन व स्टॉक यांनी समोरून थेट मणक्यापर्यंत पोहोचून रोगट भाग समूळ काढण्याची पद्धत रूढ केली. उत्तम शल्यगृहे, भूलतज्ज्ञ व रक्तपेढ्या असलेल्या ठिकाणी ती यशस्वी झाली. परंतु ज्या देशांत हा रोग सर्वाधिक होता तेथे नेमक्या याच गोष्टींची वानवा होती.

या प्रश्नाचे उत्तर ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या तुलनात्मक अभ्यासांतून मिळाले. त्यांचे अहवाल १९७३ पासून प्रसिद्ध होऊ लागले. कोरियातील मासान येथे रुग्णालयात सहा महिने झोपवून ठेवलेल्या रुग्णांची हिंडत्या-फिरत्या रुग्णांशी, तर पुसान येथे प्लॅस्टरचे जाकीट घातलेल्या रुग्णांची ते न घातलेल्यांशी तुलना केली गेली. औषधे नीट घेतली असता सक्तीच्या अंथरुणाचा वा प्लॅस्टरचा अधिक लाभ दिसून आला नाही. हाँगकाँगमधील मूलगामी शस्त्रक्रियेने मणके लवकर सांधले आणि बाक कमी राहिला, ही तिची जमेची बाजूही नोंदली गेली. पुढे चेन्नई येथील क्षयरोग संशोधन केंद्रात झालेल्या अभ्यासातही अल्पमुदतीच्या औषधोपचाराने बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे झाले.

भारतीय परिस्थितीस अनुरूप सूत्र मांडले ते बनारस हिंदू विद्यापीठातील डॉ. एस. एम. तुली यांनी. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मध्यम मार्गा’नुसार सर्वांना औषधे व विश्रांती द्यावी आणि शस्त्रक्रिया निवडक रुग्णांसाठी राखून ठेवावी. पायांतील अशक्तपणा औषधांच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत न सुधारणे, उपचार चालू असताना तो वाढणे, सुरुवातीसच तो अतितीव्र असणे, कणा अस्थिर होणे वा बाक वाढत जाणे आणि निदानच अनिश्चित राहणे ही शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे आजही मानली जातात. पुढे शस्त्रक्रियेची साधने बदलली, धातूचे स्क्रू व सळ्या आल्या, तरी निवडीचे हे तत्त्व टिकून आहे.

भारतातील फुप्फुसाबाहेरील क्षयासाठीच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मणक्यांच्या क्षयाचे उपचार किमान बारा महिन्यांचे असतात. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढील दहा महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. आवश्यकतेनुसार मुदत अठरा महिन्यांपर्यंत वाढविता येते. शासकीय केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. सकस आहारासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत असत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये करण्यात आली आहे.

सुमारे दोन-तीन महिन्यांत वेदना थांबतात आणि येथे दुसरा धोका उद्भवतो. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या जातात. रिफाम्पिसिनमुळे लघवीचा रंग नारिंगी होतो हे आधी सांगितले नसेल, तर घाबरूनही त्या सोडल्या जातात. कावीळ, सतत उलट्या, लाल-हिरव्या रंगांतील फरक न कळणे किंवा हातापायांची आग होणे ही लक्षणे मात्र त्वरित डॉक्टरांच्या कानावर घालावीत. औषधे स्वतःहून बंद करणे किंवा त्रास सोसत चालू ठेवणे, दोन्ही घातक आहेत. एम.आर.आय.मधील सुधारणा रुग्णाच्या प्रत्यक्ष सुधारणेच्या मागून चालते, त्यामुळे अहवालातील सूज पाहून लगेच औषध बदलण्याचे कारण नसते. याउलट तीन-चार महिन्यांनंतरही वेदना व गळू वाढत असेल, तर औषधविरोधी जंतूंचा शोध घेऊन पुन्हा नमुना तपासावा. अशा जंतूंसाठी आलेला सहा महिन्यांचा नवा अल्पमुदती उपचारक्रम हाडे-सांध्यांच्या क्षयास लागू नाही. तेथे दीर्घ मुदतीचाच मार्ग उरतो.

लहान मुलांच्या बाबतीत ‘रोग बरा झाला’ या वाक्याने प्रकरण संपत नाही. वाढीच्या वयात मणक्यांच्या पुढच्या भागाची वाढ खुंटल्याने काही मुलांत बाक औषधे संपल्यानंतरही वाढतच जातो आणि कित्येक वर्षांनी, जंतूंचा मागमूस नसताना, पाय लुळे पडू शकतात. अशी मुले आधीच ओळखण्यासाठी कोइमतूरचे डॉ. एस. राजशेखरन यांनी २००१ मध्ये क्ष-किरण चित्रांतील चार खुणा मांडल्या. म्हणून बालरुग्णाची तपासणी त्याची उंची वाढणे थांबेपर्यंत चालू ठेवावी लागते.

महाविद्यालयीन पातळीवर उद्भवणारा प्रश्न बहुधा निराळा असतो : अशा विद्यार्थ्यास वर्गात बसू द्यावे काय? रोग केवळ मणक्यांत असेल तर तो श्वासावाटे इतरांना होत नाही. फुप्फुसातही रोग आहे का, हे पाहण्यासाठी छातीचे क्ष-किरण चित्र व आवश्यक तेथे थुंकीची तपासणी केली जाते. ती निर्दोष असल्यास विद्यार्थ्यास वर्गातून वा वसतिगृहातून दूर ठेवण्यास कोणतेही वैद्यकीय कारण नाही. त्याला गरज असते ती पाठीला टेकण असलेल्या खुर्चीची, तळमजल्यावरील खोलीची, तासभर बसल्यावर काही मिनिटे आडवे होण्याच्या मुभेची आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत पडलेल्या गैरहजेरीचा हिशेब सहानुभूतीने करणाऱ्या विभागप्रमुखांची.